टाळ्या कोणाच्या?

मैफल रंगते, टाळ्यांचा कडकडाट होतो, गवयाच्या गळ्यात हार पडतो. त्याच्या मागे झंकारणारा तंबोरा ज्या हातांनी घडवला, तो मिरजेचा कारागीर मात्र त्या वेळी आपल्या दुकानात दुसरा भोपळा तासत बसलेला असतो! वाचकहो, हा न्याय केवळ आपल्याकडचाच नव्हे. दूर स्पेनमध्येही तोच.

अँद्रेस सेगोव्हिया हे गिटारवादनातले थोर नाव. विशीच्या उंबरठ्यावर हा तरुण माद्रिदमध्ये मैफलीसाठी आला, तेव्हा त्याच्याजवळ चांगली गिटार नव्हती आणि खिशात पैसेही नव्हते. तो थेट मान्युएल रामिरेझ यांच्या दुकानात गेला आणि वाद्य भाड्याने मागू लागला! मागणी अजबच. पण त्याचे वादन ऐकून रामिरेझ विरघळले. १९१२ साली घडवलेली एक सुंदर गिटार त्यांनी त्याच्या हाती दिली आणि सांगितले, की हिची फेड पैशांनी करू नकोस. हा प्रसंग सेगोव्हियानेच पुढे आपल्या आठवणींत सांगितला आहे.

फेड झालीही. त्या गिटारीवर सेगोव्हियाने जग जिंकले. पण खरी गोम पुढेच आहे. गिटारीच्या पोटातल्या चिठ्ठीवर नाव रामिरेझ यांचे. ती घडवणारे हात मात्र त्यांच्या दुकानातील सांतोस एर्नांदेझ या कारागिराचे!

ही गिटार १९२४ साली म्युनिकमध्ये हेर्मान हाउझर या जर्मन कारागिराच्या दृष्टीस पडली. त्याने ती बारकाईने न्याहाळली आणि तसेच वाद्य घडवण्याचा ध्यास घेतला. काम नाजूक. गिटारीची दर्शनी फळी स्प्रूस झाडाच्या लाकडाची, अवघी दोन-तीन मिलिमीटर जाडीची. ती जाड राहिली, तर सूर आतल्या आत गुदमरतो. फार पातळ झाली, तर तारांच्या ओढीने फुगते. हाउझर एकामागून एक गिटारी करीत राहिला. अखेर तेरा वर्षांनी, १९३७ साली, मनाजोगती गिटार उतरली. आपल्या काळातली ही सर्वश्रेष्ठ गिटार, अशी पावती सेगोव्हियाने दिली आणि सुमारे पंचवीस वर्षे तीच मैफलीत वाजवली.

हाउझर १९५२ साली गेला, सेगोव्हिया १९८७ साली. त्या दोन्ही गिटारी १९८६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला भेट मिळाल्या. रामिरेझ यांचे ऋण सेगोव्हियाने कीर्तीने फेडले. पण सांतोसचे कोणी फेडायचे?

तेव्हा यंदाच्या दिवाळी पहाटेच्या मैफलीत गवयाला मनमुराद दाद द्याच. पण उठण्यापूर्वी एकदा विचारा, ‘बुवा, तंबोरा कोणाच्या हातचा?’ उत्तरात एखादे नाव आले, तर दोन टाळ्या त्या नावासाठीही वाजवा.