पैसे भरले की अभ्यास होतो?

खिसा आणि मन : भाग ९

मागच्या भागात फुकटाची ओढ पाहिली. शून्य रुपये म्हटले की नको असलेली वस्तूही आपण हौसेने घरी आणतो. आता पुढचा प्रश्न: घरी आणल्यावर तिचे काय होते?

ऑनलाइन शिक्षणात याचे उत्तर अगदी उघड दिसते. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर सर्वांना मोफत खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे घातली. शेवटपर्यंत टिकले वीसेक हजार. पुढच्या वर्षी हार्वर्ड आणि एमआयटीने मिळून एडएक्स हे ऑनलाइन वर्गांचे व्यासपीठ सुरू केले, पण गळती काही थांबली नाही. या दोन विद्यापीठांच्या वर्गांची २०१७-१८ ची आकडेवारी सांगते, की नाव घालणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन जण अभ्यासक्रम पुरा करत होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांचा हिशेब वेगळा काढला, तर हाच आकडा ४६ होता. व्हिडिओ तेच, शिक्षक तेच, स्वाध्यायही तेच.

यावरून सरळ निष्कर्ष निघतो, की पैसे मोजल्याशिवाय माणसाला किंमत कळत नाही. खासगी क्लासवाले हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, आता ॲपवालेही सांगतात. मला यातले अर्धेच पटते.

पटते ते आधी सांगतो. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. अख्ख्या मोसमाचे तिकीट १५ डॉलरला होते. लोक खिडकीवर येऊन तिकीट मागत, आणि मग काहींकडून पूर्ण पैसे घेतले जात, काहींना २ डॉलरची सूट मिळे, काहींना ७ डॉलरची. सूट कुणाला, हे नशिबावर सोडलेले. प्रयोगाची खुबी इथे आहे: सगळेच पूर्ण दर द्यायच्या तयारीने आले होते, म्हणजे नाटकाची हौस सारखीच. फरक होता तो फक्त खिशातून गेलेल्या रकमेचा. मोसमाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे मोजलेली मंडळी इतरांपेक्षा जास्त नाटकांना आली. पैसे वसूल करायची ही चुटपुट खरी आहे. पण उत्तरार्धात ती विरली आणि तिन्ही गट जवळपास सारखे झाले. पैशाचा चिमटा बसतो, पण त्याचा वळ फार दिवस राहत नाही.

मग ३ आणि ४६ यांच्यातली एवढी मोठी दरी कशाने भरायची? त्यासाठी झांबियाला जावे लागेल. नावा अश्रफ, जेम्स बेरी आणि जेसी शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी लुसाका शहरात पाणी शुद्ध करायचे क्लोरीनचे द्रावण घरोघर विकायला माणसे पाठवली. प्रत्येक घरी वेगळी किंमत सांगायची. बाई ‘बरं, द्या’ म्हणाली, की मग अचानक सूट जाहीर करायची. त्यामुळे कोण किती द्यायला तयार होते आणि प्रत्यक्षात किती दिले, हे दोन आकडे सुटे झाले. काही दिवसांनी पुन्हा जाऊन त्या घरांतल्या पाण्यात क्लोरीन आहे का, ते तपासले. जास्त पैसे द्यायला तयार झालेल्या घरांत द्रावण जास्त वापरले जात होते. शेवटी हातून किती पैसे गेले, याने मात्र काही फरक पडल्याचे दिसले नाही.

म्हणजे किंमत ही बरीचशी चाळणी आहे. गरज किंवा इच्छा ज्याची पक्की, तोच तिच्यातून खाली उतरतो, आणि आपण श्रेय देतो पैशाला. विकिपीडिया वाचायला छदामही लागत नाही, म्हणून त्याची किंमत कुणाला कळत नाही असे कोण म्हणेल?

चाळणीत गरजूही अडकतात, ही गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलीन द्युपा यांनी गरोदर बायकांना डासांपासून बचावाच्या मच्छरदाण्या दिल्या, काहींना फुकट, काहींना सवलतीच्या दरात. फुकट मिळालेली मच्छरदाणीही विकत घेतलेलीइतकीच वापरली गेली. फुकटऐवजी ६० सेंट दर लावला, तर घेणाऱ्यांचे प्रमाण मात्र ६० टक्केबिंदूंनी खाली आले.

आपल्याकडच्या एनपीटीईएलने चाळणी कुठे लावायची हे नीट ओळखले, असे मला वाटते. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांचे हे वर्ग सरकारच्या ‘स्वयम’ या संकेतस्थळावर मोफत आहेत. व्हिडिओ मोफत, दर आठवड्याचे स्वाध्यायही मोफत. पैसे लागतात ते परीक्षेला: एका विषयाला १००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मे. अंतिम गुणांत स्वाध्यायाचे २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. दार सताड उघडे ठेवून चाळणी पार आतल्या खोलीत लावली आहे. अर्थात हजार रुपये भरणाऱ्या पोरांना विद्येची किंमत कळली असे समजू नका. कित्येकांना कॉलेजात क्रेडिट हवे असते.

पैशाचा चिमटा लवकर बोथटतो, हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. म्हणून तर दरमहा आपोआप कापून जाणारी वर्गणी त्यांना प्रिय. अमेरिकेतल्या व्यायामशाळांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मासिक फी भरणाऱ्यांना दर खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच दारात दहा खेपांचा पास खेपेला १० डॉलरने मिळत होता! येणार येणार म्हणत न येणारा सभासद हा धंद्याचा कणा असतो. ओटीटी आणि शिकवणीच्या ॲपांचेही यापेक्षा वेगळे नसावे.

इथे रिझर्व्ह बँकेने नकळत मानसशास्त्राला हात घातला. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून नियमित कापल्या जाणाऱ्या पैशांची सूचना कार्ड देणाऱ्या बँकेला किमान २४ तास आधी द्यावी लागते. त्या वेळी अनेकांच्या परदेशी वर्गण्या अडकल्या आणि बँकांच्या नावाने बराच शंख झाला. पण ‘उद्या इतके रुपये जातील’ हा मेसेज वाचणारा माणूस निदान विचारतो, की गेल्या महिन्यात आपण हे ॲप उघडले तरी होते का. मग तो एकतर ते उघडतो, नाहीतर बंद करतो.

पुढच्या आठवड्यात: वर्षाचे पैसे एकदम भरावेत की महिन्याला?