शनवार तेल्यांची विद्या आणि आपली विद्यापीठे

हैदराबादच्या दिलसुखनगराचे नाव निघाले की तेलुगू मुलखातील आईबापांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. शिकवणी वर्गांचे एकावर एक चढलेले फलक, वसतिगृहांच्या कोंदट खोल्या आणि पाठीवर दप्तर टाकून या वर्गातून त्या वर्गाकडे धावणारी मुले. येथे विद्या तोलली जाते ती नोकरीच्या तराजूत. त्यात गैर काही नाही. गरिबाच्या मुलाला पोटाची विद्या आधी लागते. मात्र जी विद्या या तराजूत भरत नाही तिचा सांभाळ कोणी करावयाचा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. तो सांभाळ सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांनी करावा, अशी अपेक्षा असते. ती कितपत पुरी होते, हे पाहण्यासाठी एका लहानशा शाखेचे उदाहरण घेऊ : ज्यूंची भाषा, धर्म व इतिहास यांच्या अभ्यासाचे.

हा विषय हैदराबादला अगदीच परका नाही. इ. स. १६४७ मध्ये अब्दुल्ला कुतुबशहाच्या अमदानीत सर्मद नावाचा एक कवी या शहरात आला. तो इराणातल्या ज्यू धर्मशास्त्र्यांच्या घराण्यात जन्मला होता, पुढे मुसलमान झाला आणि व्यापाराच्या निमित्ताने सिंधमधील ठठ्ठ्यास उतरला. तेथे त्याची अभयचंद नावाच्या हिंदू तरुणाशी गाठ पडली व ती जन्माची ठरली. सर्मदाने त्याला तोरा आणि स्तोत्रे शिकविली. ‘दबिस्तान-इ-मजाहिब’ या सर्वधर्मविषयक फारसी ग्रंथाचा कर्ता सर्मदाला हैदराबादेतच भेटला. त्या ग्रंथातील ज्यूंविषयीच्या प्रकरणात अभयचंदाने फारसीत उतरविलेला तोराचा आरंभीचा भाग आहे आणि तो सर्मदाने तपासून दिलेला आहे. विद्यापीठ नाही, पदवी नाही, शिष्यवृत्ती नाही. तरीही ज्यू गुरूच्या हाताखाली हिंदू शिष्य शिकतो आणि तिसऱ्या धर्माचा विद्वान ते टिपून ठेवतो. याहून निराळे विद्यापीठ ते कोणते?

हैदराबादची ही गोष्ट आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना जवळची वाटण्यास कारण आहे. कोकणात ज्यू आले ते ग्रंथांतून नव्हे; परंपरा सांगते त्याप्रमाणे अलिबागजवळच्या नवगाव येथे फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांच्या रूपाने आले. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपूरकर. त्यांचे हिब्रू विसरले गेले, पण शब्बाथ विसरला नाही. आणि विसरलेल्या भाषेच्या जागी मराठी अशी रुजली की पुढे धर्म परत शिकावयाचा झाला तेव्हा तो त्यांनी मराठीतूनच शिकला.

ही शेवटची गोष्ट विद्यापीठांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण छापले ते मराठीतून. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. पुढे विल्सन त्याचे कुलगुरू झाले. या विद्यापीठाच्या परीक्षांत संस्कृत, लॅटिन, अरबी यांच्या जोडीला हिब्रूलाही स्थान होते. १८७१ साली हिब्रूचे परीक्षक म्हणून नेमले गेले ते डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर. त्यांनी आपल्या समाजाचे प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ मराठीत १८४६ साली मुंबईत व १८७४ साली पुण्यात छापली गेली. बेने इस्रायल मंडळींनी मोशे, योसेफ यांची चरित्रे कीर्तनात आणली. हरिदासाचा बाज तोच, आख्यान मात्र बायबलातले. कोकणच्या देवळात कीर्तन ऐकत वाढलेल्या वाचकाला ते ऐकताना परके वाटले नसते.

विद्यार्थ्यांची परंपराही तोलामोलाची आहे. रिबेका रूबेन ही मुलगी १९०५ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिली आली. त्या काळी मुलीने परीक्षेला बसणे हेच नवल होते. पुढे मुंबईच्या इस्रायली शाळेची धुरा तिने जवळजवळ तीन दशके वाहिली. ही शाळा हाइम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली काढली होती. डॉ. जेरुशा झिराड यांनी प्रसूतिशास्त्रात नाव मिळविले व १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विल्सन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या मोझेस इझिकेल यांचे चिरंजीव निसीम इझिकेल याच विद्यापीठाचे एम. ए. झाले, याच विद्यापीठात त्यांनी साहित्य शिकविले आणि १९८३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळविले. मूठभर समाजाने सार्वजनिक विद्यापीठाला एवढे दिले.

बदल्यात विद्यापीठांनी काय दिले? १९५१ च्या जनगणनेत भारतात सत्तावीस हजारांच्या आसपास ज्यू होते. २०११ मध्ये ते पाच हजारांहूनही कमी भरले. बहुतेक जण इस्रायलला गेले. तेथेही साठीच्या दशकाच्या आरंभी धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांविषयी शंका घेतल्या; या मंडळींना धरणे धरावे लागले आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला तेव्हा तो वाद मिटला. ज्यांच्यावर दोन हजार वर्षांचा हिशेब देण्याची पाळी आली, त्यांच्या हाती स्वतःचा लिहिलेला इतिहास किती होता? किहीमकरांनी १८९७ साली पुरा केलेला आपल्या समाजाचा इतिहास छापून निघाला तो १९३७ साली, आणि तोही तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षे ते हस्तलिखित मुंबईत कोणी छापले नाही!

पुढचा अभ्यासही बहुतांशी बाहेरच झाला. फ्लोरिडातील एका सरकारी विद्यापीठात नेथन कॅट्झ यांनी भारतीय ज्यूंवर ग्रंथ लिहिले. भारत व ज्यू संस्कृती यांच्या संबंधांना वाहिलेले नियतकालिक १९९८ पासून त्यांच्याच पुढाकाराने निघू लागले. अमेरिकेत ज्यू विद्यार्थ्यांचे ‘हिलेल’ हे केंद्र प्रथम उघडले ते १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात, म्हणजे सरकारी विद्यापीठातच. शब्बाथचे जेवण, प्रार्थना, वादविवाद यांसाठी विद्यार्थ्याला हक्काची जागा असावी, एवढाच त्यामागचा साधा विचार होता. परदेशी पंडितांच्या श्रमांविषयी आम्हाला आदर आहे. परंतु ज्या साधनांवर हा इतिहास उभा आहे ती मराठीत आहेत : प्रार्थनापुस्तके, कीर्तने, मासिके, ट्रंकांत पडलेले पत्रव्यवहार. मराठी वाचता येणारा विद्यार्थी फ्लोरिडात शोधावा लागेल. मुंबई, पुणे, गोवा येथे तो वर्गावर्गात बसलेला आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ज्या विद्यापीठात ज्यू विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके, तेथे हे अध्यासन कशाला? या आक्षेपाला जर्मनीने दोनशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. १८१८ साली बॉन विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन स्थापन झाले, तेव्हा त्या गावात किती हिंदू विद्यार्थी होते? आपल्या वेदांचा अभ्यास परक्यांनी केला याचा अभिमान बाळगावयाचा आणि शेजाऱ्याच्या तोराचा अभ्यास मात्र शेजाऱ्यानेच करावा असे म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. विद्यापीठात विषय शिकविला जातो तो विषयाच्या मोलासाठी. वर्गातल्या जातिधर्मांच्या शिरगणतीसाठी नव्हे.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. पश्चिम आशियातील रक्तपाताच्या बातम्या रोज येत असताना ज्यू विद्येचे नाव काढणे म्हणजे एका राष्ट्राची बाजू घेणे, असे काहींना वाटते. हा घोटाळा दोन्ही बाजूंचे लोक करतात. अध्यासन म्हणजे वकिलात नव्हे. इस्रायलच्या सरकारवर टीका करणारा आणि त्याचे समर्थन करणारा असे दोघेही त्या वर्गात बसू शकले पाहिजेत. किंबहुना दोघांना हिब्रू आणि अरबी वाचता आले, तर दोघांचेही बोलणे काहीसे खालच्या पट्टीत येईल.

गोमंतकाला तर या अभ्यासापासून अंग चोरता येणार नाही. पणजीतील ज्या बागेला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे, तो वैद्य पोर्तुगालमधील सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू घराण्यातला. भारतीय औषधींवरील त्याचा संवादग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला. १५६० साली येथे इन्क्विझिशन आले. ओर्ता १५६८ साली वारला. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळण्यात आली. १८१२ साली ते न्यायासन कायमचे बंद झाले. त्याचे बहुतांश दप्तर नष्ट झाले. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. ज्या यंत्रणेने हिंदूंना छळले तिच्या पहिल्या सावजांत हे ‘नवख्रिस्ती’ ज्यू होते, हे आपण किती वेळा आठवतो? १९८५ साली स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाला पोर्तुगीज, मराठी, कोकणी आणि हिब्रू यांच्या संगमावर उभे राहून हा इतिहास लिहिण्याची जी सोय आहे, ती जगात क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल.

आणि आता पुन्हा दिलसुखनगर. येथून विजयवाड्याकडे जाणारा महामार्ग पुढे ज्या मुलखात नेतो, तेथे गुंटूर जिल्ह्यात चेब्रोलूजवळ कोत्तरेड्डीपालेम नावाचे खेडे आहे. तेथील काही दलित तेलुगू कुटुंबे स्वतःला एफ्राइमच्या हरवलेल्या वंशातली म्हणवितात आणि शब्बाथ पाळतात. त्यांच्या दाव्याची शहानिशा करणे हे वर्तमानपत्राचे काम नव्हे. पण ते विद्यापीठाचे काम निश्चित आहे. त्या खेड्यातला एखादा मुलगा नोकरीच्या परीक्षेसाठी दिलसुखनगरच्या वसतिगृहात येऊन राहिला, तर त्याला गणित शिकविणारे पन्नास जण भेटतील. आपल्या आजोबांनी जे म्हटले त्यात तथ्य किती, हे सांगणारा एक तरी भेटावा की नाही? काही मैलांवर असलेल्या उस्मानिया विद्यापीठाने १९१८ साली देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस केले होते. देशी भाषेतून परकी विद्या शिकता येते हे सिद्ध करणाऱ्या शहराला हे अशक्य असू नये.

आमची मागणी अवाढव्य नाही. मुंबई, पुणे व गोवा येथील विद्यापीठांनी मिळून एक लहानसे अध्यासन काढावे. हिब्रू आणि मराठी दोन्ही जाणणारा एक अध्यापक, दोन-तीन शिष्यवृत्त्या, आणि कोकणातील व मुंबईतील घरांतून पडलेली मराठी-हिब्रू पुस्तके जमवून त्यांच्या प्रती काढण्याची सोय, एवढ्यावर आरंभ होईल. ती पुस्तके वाचणारी पिढी थकत चालली आहे. ट्रंकेतल्या कागदाला कसर लागते तेव्हा ती अंदाजपत्रकाची वाट पाहत नाही. दुसरी गोष्ट तर बिनखर्चाची आहे. महाराष्ट्राने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्य दर्जा दिला. तो कागदावरून वेळापत्रकात उतरावा. योम किप्पुरचा उपवास सत्रपरीक्षांच्या दिवसांत येतो, वल्हांडण वार्षिक परीक्षांच्या, आणि शनिवार तर परीक्षेचा नेहमीचाच वार. अशा विद्यार्थ्याने अर्ज केल्यास त्याला दुसऱ्या दिवशी बसू द्यावे, हा नियम करण्यास समिती नेमण्याचीही गरज नाही.

घाणा शनिवारी बंद ठेवणाऱ्या तेल्याला कोकणाने कधी कारण विचारले नाही. त्याला एक नाव दिले आणि रविवारी त्याच्याकडूनच तेल घेतले. अडाणी म्हणविणाऱ्या गावांना जे साधले, ते पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठांना साधू नये?