पाण्यावर पिकणारी वीट

राखाडी विटांची ट्रॉली बांधकामावर रिकामी झाली की मुरलेला गवंडी त्यातली एक उचलतो, उलटसुलट करून बघतो आणि निकाल देतो, ‘ही कच्चीच आहे. रंग कुठं चढलाय?’ त्याची नजर वीटभट्टीवर तयार झालेली. मातीतलं लोह भट्टीत तापून विटेला लाली देतं, म्हणून लाल ती पक्की, हा हिशेब मातीच्या विटेपुरता ठीक. राखेची वीट भट्टीत जातच नाही. तिच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

दुसरी शंका चुलीची. चुलीतल्या राखेचा ओला गोळा वाळला की त्याचा भुगा होतो, मग राखेची भिंत उभी कशी राहणार? पण कोराडी, चंद्रपूर, परळी, दीपनगर इथल्या औष्णिक केंद्रांत कोळसा पिठासारखा दळून प्रचंड तापमानाला जाळतात. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राखच. ती ज्वाळेत वितळते आणि धुराबरोबर उडताना गार होऊन काचेचे सूक्ष्म मणी बनते. या मण्यांना चुना आणि पाणी मिळालं की सिमेंटला बळ देतं तेच संयुग तयार होतं. नुसत्या राखेला हे जमत नाही. तेवढ्यापुरती चुलीची शंका खरी. म्हणूनच या विटेत निम्म्याच्या आसपास राख, बाकी दगडाची कच आणि चुना-जिप्सम किंवा सिमेंट असतं. चुना-जिप्समची ‘फॅल-जी’ पद्धत विशाखापट्टणमच्या एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास यांनी रुळवली. साखर कारखान्याच्या बॉयलरची राखही चालेल असं कुणी म्हणालं, तर आधी तपासणीचा कागद मागावा. तिच्यात न जळालेला कार्बन बराच असू शकतो.

‘राखेच्या विटेला तडे जातातच,’ हे मात्र अर्धं खरं आहे. साच्यातून निघालेली वीट दोन-तीन आठवडे पाण्यावर पिकावी लागते. मागणी वाढली की चार दिवसांची वीट ट्रॉलीत चढते, आणि जे आकसणं थप्पीत व्हायचं ते भिंतीत होतं. ‘आयएस १२८९४’ हे मानक वाळताना होणारं आकुंचन ०.१५ टक्क्याच्या आत मागतं. गवंड्याची सवयही नडते. मातीच्या विटेसारखी हीही टाकीत बुडवून ठेवतात, वास्तविक नुसता शिडकावा पुरतो. त्यात माल कडक केला की भिंत मजबूत, हा आणखी एक समज. सिमेंट जास्त तेवढा माल अधिक आकसतो; एकास सहा (सिमेंट-वाळू) बऱ्याच ठिकाणी पुरतो. गिलावा सुटतो ही तक्रारही बहुधा सांधे न खरवडल्याची असते.

पाणी ओढते म्हणतात, तर तोलून पाहा. कडक उन्हात काही दिवस वाळवलेली वीट घरच्या काट्यावर ठेवा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. मानकात १२.५ पर्यंतच्या ताकदीच्या वर्गासाठी २० टक्के ही मर्यादा आहे. म्हणजे ३ किलोच्या विटेनं ६०० ग्रॅमहून जास्त पाणी प्यायलं तर ट्रॉली परत पाठवा. प्रयोगशाळेचा काटेकोरपणा यात नाही, पण नापास वीट यातही पकडता येते. साध्या लाल विटेलाही मर्यादा हीच आहे, तिला मात्र कुणी तोलत नाही.

आणि हो, उचलल्यावर हलकी लागते ती ही नव्हे. ते सिपोरेक्ससारखे ब्लॉक. ॲल्युमिनियमच्या पुडीनं फुगवून वाफेवर शिजवलेले.

किरणोत्सर्गाची भीतीही अधूनमधून उसळते. कोळसा जळून गेला की त्यातलं युरेनियम, थोरियम राखेत एकवटतं, हे खरंच. पण अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं १९९७ मध्ये मांडलं त्याप्रमाणे, राखेतलं त्यांचं प्रमाण साध्या माती-खडकांच्या पंगतीतलंच असतं. ग्रॅनाइटच्या ओट्यावर कणीक मळणाऱ्यानं भिंतीला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते उडणाऱ्या कोरड्या धुळीला. राख तलावाशेजारचं गाव आणि मिक्सरपाशी फडकं बांधून उभा मजूर ती रोज श्वासात घेतात.

म्हणून ‘पर्यावरणपूरक’ हा शिक्का मला जरा सैल वाटतो. सुपीक माती वाचते, भट्टीचा कोळसा वाचतो, हे नक्की. १९९६-९७ मध्ये देशातल्या राखेपैकी १० टक्केही वापरात येत नव्हती. १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणं बंधनकारक केलं, आणि पुढं नियम कडक होत गेले. तरीही विटांपेक्षा सिमेंट कारखानेच जास्त राख उचलतात.

विटा घ्यायला गेलात तर भावाच्या आधी एक विचारा: ‘ही थप्पी कोणत्या तारखेला पाडली?’ तारीख थप्पीवर खडूनं लिहिलेली असेल तर बोलणी पुढं न्या.