पाचशे चौरस फुटांची करमाफी: मतदारांनी काय समजून घेतले आणि खरे काय होते

फेब्रुवारी 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत शिवसेनेने वचन दिले होते: पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ, पाचशे ते सातशेपर्यंतच्या घरांना सवलत. चाळीत, सोसायटीत त्याचे जे अर्थ लावले गेले, ते प्रत्येक पालिका निवडणुकीत नव्याने ऐकू येतात.

‘पालिकेत सत्ता आली की कर रद्द.’ तसे होत नाही. मुंबईचा मालमत्ता कर 1888 च्या महापालिका अधिनियमातून येतो आणि हा कायदा बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे. पालिका ठराव करून प्रस्ताव पाठवू शकते. पुढचे सगळे मंत्रालयाच्या हातात. नगरसेवकपदाच्या उमेदवाराला म्हणूनच विचारायला हवे, की राज्य सरकारने नाही म्हटले तर काय?

‘कर माफ म्हणजे बिल शून्य.’ सर्वांत जास्त मनस्ताप याच समजुतीने दिला. मालमत्ता कराचे बिल हातात घेऊन नीट वाचा. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, पालिकेचा शिक्षण उपकर, राज्याचा शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर अशा ओळी एकाखाली एक दिसतील. मार्च 2019 मध्ये सरकारने माफी दिली ती फक्त पहिल्या ओळीला, सर्वसाधारण कराला. बाकीच्या ओळी तशाच राहिल्या. लोकांना आपण फसवले गेलो असे वाटले आणि त्यात त्यांची चूक नव्हती. प्रचाराच्या फलकावर ‘मालमत्ता कर’ असेच लिहिलेले होते. पूर्ण माफी आली 1 जानेवारी 2022 पासून, म्हणजे मतदानाला जवळजवळ पाच वर्षे झाल्यावर. तीही राहत्या घरांनाच. तेवढ्याच आकाराच्या दुकानाला किंवा गाळ्याला नाही.

क्षेत्रफळ मोजायचे ते चटईक्षेत्र, म्हणजे कार्पेट. बिल्डरने सांगितलेला बिल्टअप आकडा इथे चालत नाही.

‘पाचशेच्या वर जेवढे फूट, तेवढ्यावरच कर.’ ही समजूत प्राप्तिकरावरून आलेली दिसते. तिथे वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेला लागतो, खालच्या रकमेला नाही. इथे 46.45 चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फूट, ही सरळ सीमारेषा आहे. आत असलात तर सगळे माफ, बाहेर असलात तर संपूर्ण घरावर कर. परळच्या टॉवरमधल्या 490 फुटांच्या महागड्या फ्लॅटला माफी मिळते आणि गोवंडीतल्या 520 फुटांच्या घराला पूर्ण बिल येते. घराची किंमत, कुटुंबाची मिळकत यांचा माफीशी संबंधच नाही. मला हा या योजनेतला मोठा अन्याय वाटतो, आणि प्रचारात त्यावर जवळजवळ कोणीच बोलत नाही.

पाचशे ते सातशे फुटांच्या घरांना कबूल केलेली सवलत 2022 च्या माफीतही नव्हती. 7 मार्च 2022 ला त्या पालिकेची मुदत संपली, तेव्हाही ही घरे पूर्ण कर भरत होती.