मनाच्या दुखण्याची मदत तालुक्यातच शोधा

झोप उडाली आहे, कशातच गोडी वाटत नाही, महिनाभर जीव खालीवर होतोय, तर जायचं कुठे? या प्रश्नाला आपल्याकडे बहुतेक घरांत दोन टोकांची उत्तरं असतात. एक तर 'होईल आपोआप बरं' म्हणून गप्प बसायचं, नाहीतर पाणी नाकाशी आल्यावर येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाची वाट धरायची. मधल्या काळात भगत आणि देवऋषी होऊन जातात. या दोन टोकांच्या मध्ये, एसटीच्या एका फेरीत गाठता येईल अशी मदत उभी राहू शकते, पुष्कळ ठिकाणी ती आहेही, आणि शोध तिथूनच सुरू व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. तेव्हा १०.६ टक्के प्रौढांना आणि १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलामुलींना मानसिक आजार असल्याचं दिसलं. उदासीनता, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण म्हणून आपण निर्धास्त राहावं अशी स्थिती नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेल्या 'विश्राम' प्रकल्पाचे आकडे पाहा. सुरुवातीला उदासीनतेने ग्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कुणाकडे मदत मागत होते. मग गावातल्याच लोकांना प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांनी घरोघरी आणि गटांत या आजाराविषयी बोलायचं, ऐकून घ्यायचं, गरज भासल्यास समुपदेशकाकडे न्यायचं आणि त्यानेही भागलं नाही तरच मानसोपचारतज्ज्ञाला गाठायचं, अशी ती रचना होती. दीड वर्षाने मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि मनात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या मुलखात घडलेली ही गोष्ट आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ही गावं कार्यक्रम नसलेल्या गावांशी ताडून पाहिलेली नव्हती. शिवाय डॉक्टर नसलेल्या माणसाने मनाच्या आजाराला हात घालावा का? याचं उत्तर गोव्यात सापडतं. तिथल्या 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला त्यांच्या जोडीने स्थानिक समुपदेशकांच्या सहा ते आठ बैठका. हे समुपदेशक डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. आणि हे रुग्ण हलक्या उदासीनतेचे नव्हते, चांगलेच आजारी होते. तीन महिन्यांनी पहिल्या गटात ३९ टक्के, तर दुसऱ्यात ६४ टक्के लोक त्या अवस्थेतून बाहेर आले होते. निकाल २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र उन्मादाला मात्र मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं लागतातच. तिथे बोलून बघू म्हणत दिवस घालवू नयेत.

मग आपल्या भागात विचारायचं कुणाला? गावात आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सिव्हिल हॉस्पिटलात मनोविकारांची ओपीडी असते; कार्यक्रमाचं पथक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं, तेही तिथेच कळतं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. आणि १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे दिवसरात्र मराठीत बोलता येतं, आणि जवळ कुठे जायचं हेही विचारता येतं.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. गाव लहान, तोंडं फार. ओपीडीच्या बाकावर बसलेलं कुणी पाहिलं तर मुलीचं लग्न मोडेल, ही भीती खोटी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर घातलं आहे, पण बाकावर शेजारी बसलेल्यावर कायदा कसा लागू होणार? म्हणूनच पहिलं बोलणं फोनवर झालं तरी हरकत नाही, किंवा तालुका सोडून शेजारच्या तालुक्यात गेलं तरी चालेल. जवळची मदत म्हणजे शेजारच्याच घरातली मदत, असं थोडंच आहे? कर्ज फिटल्याशिवाय समुपदेशन काय करणार, असंही विचारलं जातं. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. पण बँकेत जाऊन बोलण्याची, पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालण्याची ताकद उदासीनतेत आधी संपते, आणि ती परत आणणं हे मोठंच काम आहे.

तरुणांचा प्रश्न थोडा वेगळा. मानसिक आजारांपैकी सुमारे निम्मे अठरा वर्षांच्या आत सुरू होतात, आणि त्या वयात मूल एकटं दवाखान्यात जात नाही. त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांचे 'मैत्री' क्लिनिक आहेत, पण कितीतरी शाळांत त्यांचं नावही पोहोचलेलं नसतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असं सांगितलं. आपल्या मुलांच्या शाळेत, कॉलेजात, क्लासमध्ये तो नेमला आहे का, हे पालकसभेत विचारता येईल. मोठ्यांनाही असाच हक्क आहे. जिल्ह्यात किमान सरकारी मानसोपचार मिळत नसतील, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेतल्या उपचारांचा खर्च सरकारने उचलावा, असं २०१७ चा कायदा म्हणतो. तशी मागणी लेखी अर्जाने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते.