स्वतःची वही

कचेरीतील लिपिक दिवसभर लिहीत असतो. शिक्षक टाचणे काढतो, उत्तरपत्रिका तपासतो, अहवाल भरतो; विद्यार्थी वह्यांमागून वह्या उतरवून काढतो. आपल्या समाजात लेखणी सर्वांत अधिक वेळ ज्यांच्या हाती असते, तो हाच वर्ग होय. परंतु या साऱ्या लेखनात ‘मी’ हा शब्द जवळजवळ कोठेच येत नाही. ‘कळविण्यात येते की’, ‘कार्यवाही करण्यात यावी’ अशा वाक्यांतून बोलणारा कोण, हे शोधूनही सापडत नाही. कचेरीच्या कामाला तशी भाषा लागते, हे मान्य आहे. प्रश्न एवढाच की, तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांसाठी लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या नावाने रोज दहा ओळी का लिहू नयेत?

यावर ठरलेले उत्तर मिळते: ‘आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे आहे काय?’ हा विनय वरवर शोभून दिसतो. परंतु तो खरा नाही, याची साक्ष मराठी भाषाच देते.

पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे एक कर्जबाजारी भिक्षुक. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल व घरचे ऋण फिटेल, या आशेने १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ साली झाशीला वेढा पडला, तेव्हा ते त्या शहरात होते. मिळालेले द्रव्य वाटेत लुटले गेले. घरी परतताना हाती उरली ती गंगेची कावड. सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी ही हकीकत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. त्या वेढ्याची वर्णने इंग्रज अधिकाऱ्यांनीही लिहिली. पण ती तटाबाहेरून. तटाच्या आत तोफांच्या माऱ्याखाली लोक कसे राहिले, हे मराठीत सांगणारा मनुष्य ना सरदार होता, ना पंडित. तो दक्षिणेसाठी निघालेला एक भटजी होता.

या पुस्तकाची पुढील कथाही बोधप्रद आहे. वैद्यांनी प्रसिद्ध करताना मूळ मजकुरात बरेच फेरफार केले होते. गोडसे भटजींचे स्वतःचे शब्द वाचकांपुढे आले ते १९६६ साली, दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून संपादन केले तेव्हा. हस्तलिखित जपून ठेवले गेले नसते, तर आपण कायमचे दुसऱ्याच्या हातून गेलेल्या मजकुरावरच विसंबून राहिलो असतो. आपली हकीकत आपण लिहिली नाही, तर ती दुसरा कोणी त्याच्या सोयीने सांगतो, किंवा कोणीच सांगत नाही.

ज्यांना बोलण्याचाच अधिकार नाकारला गेला, त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध प्रसिद्ध झाला, तो जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा. लक्ष्मीबाई टिळकांचे रीतसर शालेय शिक्षण झालेले नव्हते. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. वय, शिक्षण वा प्रतिष्ठा यांपैकी काहीच या दोघींनी लेखनाची पूर्वअट मानली नाही.

आठवणी मात्र मागाहून लिहिल्या की तिथी-वार मागेपुढे होतात आणि आजचे शहाणपण कालच्या प्रसंगात शिरते. रोजच्या रोज लिहिण्याचे मोल येथे कळते. लंडनच्या सॅम्युएल पेपीसचे उदाहरण प्रसिद्ध आहे. शिंप्याचा हा मुलगा नौदलाच्या कचेरीत कागदपत्रे सांभाळीत असे. १६६० ते १६६९ या काळात त्याने लघुलिपीत रोजनिशी लिहिली. १६६६ साली लंडनला आग लागली, तेव्हा आपण मद्य आणि चीज बागेत खड्डा खणून पुरले, हेही त्याने नोंदवून ठेवले. संकटात माणूस काय वाचवू पाहतो, हे अशा एका ओळीतून जितके कळते, तितके जळलेल्या घरांच्या आकड्यांतून कळत नाही.

आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुणे शहरात पाणी शिरले. त्या वेळी वीस वर्षांचे असलेले लोक आज ऐंशीच्या पलीकडे गेले आहेत. कोणी कोणाला आसरा दिला, चिखलातून कोणते सामान हाती लागले, हे त्यांना मुखोद्गत आहे. त्यांच्यानंतर ते कोण सांगणार? २०२० साली टाळेबंदीत मुलांना दूरध्वनीवरून शिकवणाऱ्या शिक्षकांच्या नोंदी किती ठिकाणी जपल्या गेल्या असतील? पूर्वी निदान पत्रे ट्रंकेत राहत. आजचा संवाद खिशातल्या यंत्रात असतो आणि यंत्र बिघडले की तोही जातो.

इतिहासाची ही गरज बाजूला ठेवली, तरी लिहिणाऱ्याचा स्वतःचा लाभ उरतोच. मनात घोळणारे मत कागदावर उतरवू लागताच त्यातील अर्धे ऐकीव असल्याचे ध्यानी येते. ज्याचा राग आला, त्याची बाजू लिहिताना रागाचे कारण तरी स्पष्ट होते. वर्षानुवर्षे ठरीव मसुदे लिहून बोथट झालेली भाषा पुन्हा आपली होऊ लागते.

यासाठी साहित्यिक होण्याची आवश्यकता नाही. एक साधी वही, वर तारीख व गावाचे नाव, आणि खाली त्या दिवशी पाहिलेले, ऐकलेले, सोसलेले असे काही. भाजीचा भाव, एसटीची चुकलेली फेरी, वर्गातील मुलाने विचारलेला अवघड प्रश्न, साहेबांपुढे ओठांवर येऊन राहिलेले वाक्य. त्यातील काही चारचौघांना वाचून दाखवावे, काही स्वतःपाशी ठेवावे. तो ज्याच्या-त्याच्या विवेकाचा भाग आहे. शासकीय दप्तरात आपल्या सेवेची नोंद राहीलच. नेमणुकीची तारीख, वेतनवाढ आणि निवृत्तीचा दिवस तेथे मिळेल. त्या तारखांच्या मधला माणूस मात्र ज्याने-त्याने स्वतःच लिहून ठेवावयाचा आहे.