पास्त्याचं पाणी

“काकू, सॉस कुठला आणू?” माझ्या स्वयंपाकवर्गात पास्त्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच. मी म्हणते, सॉसचं मागाहून बघू, आधी पातेलं केवढं आहे ते दाखव. आपल्याकडे घरचा पास्ता फसतो तो सॉसपायी नव्हे. तो शिजतानाच फसतो, आणि मग वरून केचप, चीज, ऑरेगॅनो ओतून सारवासारव चालते.

दुकानात पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असं लिहिलं असेल तरच घ्या. ड्युरम म्हणजे कडक, पिवळसर दाण्याचा गहू. आपला बन्सी याच जातीचा. इटलीत तर १९६७ साली कायदाच झाला, की सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा. या गव्हातली प्रथिनं उकळत्या पाण्यात घट्ट जाळं धरतात आणि फुगणारा स्टार्च त्या जाळ्यात अडकून राहतो. मैद्याच्या पास्त्यात हे जाळं कच्चं असतं. स्टार्च भराभर पाण्यात उतरतो आणि हाती लगदा येतो.

पाकिटातल्या पास्त्याला हात लावून बघा. काही गुळगुळीत, चकचकीत असतात, काही खरखरीत आणि पिठूळ दिसतात. खरखरीत असतो तो बहुधा ब्रॉन्झच्या साच्यातून काढलेला. नेपल्सजवळचं ग्रान्यानो गाव अशा पास्त्यासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी तिथे भर रस्त्यात काठ्यांवर पास्ता वाळत घालत. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या हवेत तो सावकाश वाळे. २०१३ साली त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं. खरखरीत अंगाला सॉस धरतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता पाणी. इटलीतलं पाठ करण्याजोगं माप असं: १०० ग्रॅम पास्ता, १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ. म्हणजे दोघांच्या २०० ग्रॅमला दोन लिटर पाणी आणि चहाचे चार चमचे मीठ, हात किंचित आखडता ठेवून. मीठ ऐकून मुली दचकतात. पण त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर जातं, आणि पास्त्याच्या आत मीठ शिरायची संधी ही एकदाच असते. वरून भुरभुरलेलं मीठ वरच राहतं. पाण्यात तेल मात्र घालू नका. ते नुसतं तरंगतं. चिकटू नये म्हणून करायचं काय, तर पहिली दोन मिनिटं ढवळत राहायचं. पृष्ठभागावरचा स्टार्च तेव्हाच चिकट होत असतो, पुढे फारसा त्रास होत नाही.

पाकिटावर ९ मिनिटं लिहिली असतील तर सातव्या मिनिटाला एक तुकडा काढून चाकूने आडवा कापा. बाहेरचा भाग पिवळा, ओलसर दिसेल आणि मधोमध पांढरा ठिपका. तिथवर पाणी पोचलेलं नाही. ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा उरला की पास्ता पाण्याबाहेर काढायची वेळ झाली. उरलेला तो कढईत शिजेल.

आणि इथेच आपल्याकडे अनर्थ होतो. पास्ता चाळणीत ओतायचा, पाणी मोरीत आणि वरून नळाची धार! कोकणात भात वेळल्यावर पेज कोणी फेकतं का? हे गढूळ पाणीही तसंच राखायचं. वेळण्याआधी दोन वाट्या बाजूला काढून ठेवा.

त्याचं काम बघायचं तर सगळ्यात सोपा पदार्थ करा: नेपल्सची आल्यो ए ओल्यो स्पॅगेटी. दोघांसाठी पाचसहा लसूणपाकळ्यांचे पातळ काप आणि एक सुकी लाल मिरची चार मोठे चमचे ऑलिव्ह तेलात मंद आचेवर ठेवा. लसूण फिकट सोनेरी झाला की बस्स. लाल झाला की कडू. त्यात स्पॅगेटी आणि अर्धी वाटी ते पाणी घाला, आच मोठी करा, चिमट्याने भराभर परता. सुरुवातीला तेल वेगळं आणि पाणी वेगळं, नुसतं तडतडतं. मिनिटभरात बुडबुडे बारीक होतात, पाणी दुधाळ दिसू लागतं. कढई तिरकी केली तर तळाशी पाणी धावत नाही. दाटसर, तुकतुकीत सॉस प्रत्येक शेवेला लपेटलेला असतो. क्रीम नाही, मैदा नाही. पाण्यातल्या स्टार्चने तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवलं.

रोमच्या काचो ए पेपेचंही असंच. पेकोरिनो चीज, मिरी आणि हे पाणी, एवढंच साहित्य. पण चीजच्या गुठळ्या होतात म्हणून भलेभले हात टेकतात. काही भौतिकशास्त्रज्ञांनी त्यावर संशोधनच केलं. चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च असेल तर सॉस फुटत नाही, असं त्यांना आढळलं, आणि गमतीदार संशोधनाला दिलं जाणारं इग नोबेल २०२५ साली त्यांना मिळालं. खरं नोबेल मिळवलेले जॉर्जो पारिसी यांनीही २०२२ साली, युरोपात इंधन महागलं तेव्हा, उकळी आल्यावर गॅस बंद करून झाकण ठेवून पास्ता शिजवण्याची युक्ती उचलून धरली होती. इटलीतल्या काही शेफनी नाकं मुरडली. मला विचाराल तर नळीसारख्या पेने पास्त्याला ती चालते. वेळ थोडा जास्त द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही युक्तीने टळत नाही. तयार पास्ता पाच मिनिटांत सॉस पिऊन कोरडा होतो, आणि पुन्हा गरम केला की मऊ पडतो. म्हणून आधी पानं घ्या, माणसं बसवा, आणि मगच पास्ता पाण्यात सोडा.